तळहात
नातीच्या नामकरणाच्या सकाळी ठाकुर्लीच्या घरात निवृत्त अणुशास्त्रज्ञ शिवराम पाचव्यांदा हात धूत होते. “बाबा, नातीला घेताय की बेसिन घासताय?” लेकीने हसत विचारले. शिवरामांनी पुन्हा साबण उचलला. नोकरीत असताना रोज अणुभट्टीतून बाहेर पडताना दोन्ही तळहात किरणोत्सर्ग तपासणाऱ्या यंत्रावर ठेवावे लागत. हिरवा दिवा लागला तरच घरची वाट मोकळी होई. एकदा लाल लागला होता. कातडी सोलवटेपर्यंत हात घासले तेव्हा कुठे तो हिरवा झाला. परंतु त्या हातांनी पुढे त्यांनी तान्ह्या लेकीलाही कधी उचलले नव्हते. आजही पाळण्यापाशी ते तळहात पसरून थिजल्यासारखे उभे राहिले. पत्नी शालनने ओळखले. तिने बुद्धमूर्तीजवळचा हिरवा बल्ब लावला. “अहो, लागला हिरवा. घ्या तिला.” शिवरामांनी नातीला उराशी धरले, दृष्टी मात्र बल्बवरून हलेना. न जाणो, लाल झाला तर?