लेकीचा रिपोर्ट

"बाळाचा रिपोर्ट आला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि कागद टेबलावर पालथा ठेवला. "तुमच्यातला बिघाड तिच्यातही उतरलाय."

शेजारी बसलेल्या आजीचा चेहरा पडला. तीन आठवड्यांची नात मात्र आईच्या मांडीवर मजेत पाय झाडत होती.

ही आई मुलांना पोहायला शिकवायची. अंगाने शिडशिडीत, रोज तासभर पाणी कापणारी. तरी शाळेत असल्यापासून तिच्या रक्तात साखर जास्त. मानेवर काळपट, जाडसर पट्टा. घरचे म्हणायचे, आंघोळ धड करत नाही. दवाखान्यात म्हणायचे, चोरून गोड खाते. एकदा तर याच आजीने तिचं दप्तर जमिनीवर उलटं केलं होतं. निघाला फक्त ओला टॉवेल. ती शपथा घेऊन सांगायची. सगळे "हो, हो" म्हणायचे आणि खाऊचे डबे आणखी वरच्या फळीवर जायचे.

गेल्या वर्षी या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच तिचं इन्सुलिन मोजलं. ते कमी नव्हतंच, कितीतरी पट जास्त निघालं. मग जनुकांची तपासणी झाली. पेशीवरची इन्सुलिनला ओळखणारी जागा, म्हणजे रिसेप्टर, जन्मापासूनच सदोष होती. इन्सुलिन दारात उभं राहून हाका मारायचं, आत ऐकूच जायचं नाही. त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या ती उड्या मारत उतरली होती.

"निम्मी शक्यता होती. टळेल असं वाटलं होतं मला," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "पण आत्तापासून लक्ष ठेवलं तर पुष्कळ काही करता येईल."

"म्हणजे पुन्हा तेच सगळं?" आजीचे डोळे भरून आले. "या एवढ्याशा जिवाने तेच भोगायचं?"

आई हसू लागली. आधी गालातल्या गालात, मग चांगली खळखळून. बाळ दचकलं आणि तिच्याकडे टकामका बघत राहिलं.

डॉक्टरीणबाई गोंधळल्या. "मी काय म्हणाले ते समजलं ना तुम्हाला?"

"समजलं की!" तिने लेकीला उचलून खांद्यावर घेतलं. "अगं आई, तेच कसं होईल? माझ्यावर विश्वास ठेवणारं माणूस भेटायला मला सत्तावीस वर्षं लागली. ही तर विश्वास ठेवणारी आई घेऊनच जन्माला आलीय."