दारातली केरसुणी

"गोरी लडकी? वो तो दही लेके कब की ऊपर गयी, साब," खाली बकाल्यातल्या खैरुद्दीननं फोनवर तिसऱ्यांदा तेच सांगितलं. वेदनं फोन आपटला.

शारजाचा ऑगस्ट. शुक्रवारची दुपार, नमाज सुटून रस्ते ओस पडलेले. बकाला, म्हणजे किराणा दुकान, बिल्डिंगच्या खालीच. लिफ्टनं उतरायचं, दही घ्यायचं, वर यायचं. तेवढ्यासाठी सुट्टीच्या उशिराच्या नाश्त्यानंतर गेलेली हेल्मी अजून आली नव्हती. तिचा मोबाइल सोफ्यावर चार्जिंगला. बाहेर नुसता वणवा, आणि पोरगी बर्फातली.

हेल्मी वेदच्या कॉलेजातली. फिनलंडच्या उत्तरेला, रोव्हानिएमीत वेद शिकत होता. तिथे हिवाळ्यात दिवस उगवला म्हणेपर्यंत मावळतो. होस्टेलात हेल्मीची खोली त्याच्या शेजारी. तिचं गाव त्याच्याही वर, जिथे सूर्य कित्येक आठवडे तोंडच दाखवत नाही. घरचे रेनडिअर पाळणारे. सुट्टीत वेद तिला घरी घेऊन आला आणि पहिल्याच रात्री जेवताना म्हणाला, "मम्मी, आय मे टेक अ जॉब देअर."

झालं! कुंदानं ताट बाजूला सारलं. एकुलता एक पोरगा. गेल्या डिसेंबरात याचे फोन येणंच बंद झालं होतं. विचारलं तर म्हणे, फोनकार्ड संपलं. कार्ड कसलं संपतंय! तेव्हाच या बयेनं त्याला घोळात घेतलं, अशी कुंदाची खात्री होती.

म्हणून आज सकाळी तिनं ते केलं. तिच्या कमलिनीमावशीचा तोडगा. नको असलेला पाहुणा घालवायचा, तर केरसुणी उलटी करून दाराला बाहेरून टेकवायची. लक्ष्मी ती, तिला असं डोक्यावर उभं करू नये, हे काय कुंदाला ठाऊक नव्हतं? पण हेल्मी दही आणायला उतरली, बापलेक टीव्हीसमोर होते, आणि हात गेलाच.

आणि तोडगा लागू पडला की हो! पाहुणी गेली ती गेलीच.

"बाबा, यल्ला, चला!" वेद दाराकडे धावला. कुंदा त्याच्या आधी पोचली. दार किलकिलं करून तिनं केरसुणी आत ओढली आणि पाठीमागे धरली. घाईत कुणी पाहिलं नाही.

"आधी आजूबाजूला बघू. नाही सापडली तर पोलीस," चपला शोधत संजय म्हणाला. "तिचा व्हिसा माझ्या नावावर आहे, कुंदा. तिच्या आईला काय सांगू मी?"

वेद लिफ्टच्या दारातून वळला. "तिला काही झालं ना मम्मी, तर मी या घरात परत पाऊल ठेवणार नाही."

आईला कायम इंग्रजीत उत्तर देणारा पोरगा मराठीत बोलला. म्हणजे मनापासून बोलला. लिफ्ट खाली गेली.

देवा, जाऊ दे म्हटलं होतं, पण असं नव्हे रे! चांगली विमानात बसून जाऊ दे! कुठे चक्कर येऊन पडली असेल? कुणाच्या गाडीत बसली असेल? हातातल्या केरसुणीकडे तिला बघवेना. ही आधी घराबाहेर काढायची. त्यांचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, त्यावर फक्त गच्ची. तिथवर लिफ्ट जात नाही आणि माणूसही जात नाही. कुंदा जिना चढली आणि तिनं गच्चीचं दार ढकललं.

पाण्याच्या टाकीच्या सावलीत हेल्मी बसली होती. लालबुंद, घामानं निथळलेली, मांडीवर दह्याचा डबा.

"अगं बाई! तू इथे?"

हेल्मी केरसुणी बघून पटकन उठली. "काढलीत? आता येऊ मी?" तिनं इंग्रजीत विचारलं.

कुंदानं एकदा केरसुणीकडे, एकदा तिच्याकडे बघितलं. आपलं बोलणं कुंदाला समजलं नाही असं वाटून हेल्मी सावकाश सांगू लागली. "आमच्या गावात कुलपं नसतात. दाराला झाडू टेकवलेला असला की आत जायचं नाही. एकतर घरात कुणी नाही, नाहीतर घरच्यांना कुणी यायला नको आहे. आतून तुमचा आवाज येत होता. म्हणून इथे थांबले. उन्हाचं काही नाही, आमची वाफेची खोली, सौना, याहून गरम असते."

"अगं, बेल तरी वाजवायचीस!"

"झाडू असला की नाही वाजवत. मी एकदाच तो बाजूला केलाय. डिसेंबरात." हेल्मी डब्याकडे बघत बोलत होती. "वेदला तिथला अंधार सोसला नाही. आमची रीत शिकला आणि त्यानं आपल्याच खोलीला झाडू लावला. होस्टेलात सगळे आमच्याकडचे, कुणी दार वाजवलं नाही. दिवसांवर दिवस गेले. मग मीच आत शिरले. तो अंथरुणात पडून होता. खात नव्हता, बोलत नव्हता, मला ओळखतही नव्हता. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर हा राहिला नसता. घरी सांगायचं नाही अशी त्यानं मला शपथ घातलीय, आंटी. तुम्हीही त्याला सांगू नका."

फोनकार्ड संपलं, म्हणे. कुंदाला हुंदका आवरेना. तिनं केरसुणी तिथेच टाकली, हेल्मीचा तापलेला हात धरला आणि तिला जिन्यावरून खाली आणली.

लिफ्टचं दार उघडलं. वेद घामाघूम होऊन बाहेर आला आणि हेल्मीला बघून भिंतीलाच टेकला. "व्हेअर वॉज शी, मम्मी?"

कुंदानं तिचा हात सोडला नाही.

"दाराशीच होती रे. मीच आत घेतली नाही."