उशाशी काय वाचता?

“झोपताना काय वाचता?” विश्वजितनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुढं म्हणाला, “थांबा, मीच सांगतो तुम्हाला काय वाचायचं ते.”

क्रांती गच्चीच्या कठड्याला टेकून ऐकत होती. पुढ्यात आत्यानं वाळत घातलेले सांडगे होते. खाली तिचे वडील, बाळासो, पाहुण्यांना दुसऱ्यांदा चहा देत होते. पोरं वर बोलत बसलीयत म्हणजे जमतंय, या खुशीत.

विश्वजित वारणानगरचा. त्याच्याकडून होकार फोटोवरच आला होता, आज नुसतं बघणं. घरात शिरताना त्याच्या आईला भिंतीतलं पुस्तकांचं कपाट दिसलं. “अगं बाई! एवढी वाचल्यावर जेवान कोण करतंय?” ती म्हणाली आणि स्वतःच हसली. पाहुणे हसले म्हणून बाळासोही हसले.

“एक आहे, पहाटे उठून श्रीमंत कसं व्हायचं त्यावर,” विश्वजित सांगत होता. “त्याची झोपताना दहा पानं. मग एक समोरच्याचं मन जिंकायचं. अन् ते एक निळ्या कव्हरचं, नाव लक्षात नाही, पण जबरदस्त आहे. सगळ्यांची लिंक पाठवतो. गोष्टी, कादंबऱ्या सोडा आता. झोपताना डोक्यात घालाल ते रातभर मुरतं, लोणच्यासारखं.”

जेवणानंतर ही, झोपताना ती, असं औषधाच्या दुकानातला माणूस सांगतो, तसा तो पुस्तकं सांगत होता. काही माणसं देवळात जातात आणि हात जोडून घड्याळात बघतात. क्रांतीला त्यांच्यातला एक आज आपल्या गच्चीवर उभा दिसत होता. तिला राग आला नाही. राग यायलाही समोर काहीतरी असावं लागतं.

तिचा स्वतःचा प्रश्न अजून विचारायचाच होता. घरात तो सगळ्यांना पाठ होता. येईल त्या मुलाला ती तेवढाच विचारायची. रात्री दिवा लावून मी वाचलं तर चालेल का? पहिला म्हणाला, “का? परीक्षा हाय?” दुसरा म्हणाला, “मग मी काय भिंतीकडं बघत झोपू?” तिसरा चंदगडकडचा मास्तर, वाचणारा. तो आनंदानं म्हणाला, “दोघं मिळून वाचू. मी मोठ्यानं वाचीन, तुम्ही ऐका.” त्याला तिनं सगळ्यांत लवकर नकार दिला होता.

घरचे म्हणायचे, येडी झाली. येडी झाली नव्हती. तिनं थोरल्या बहिणीकडं, अनुजाकडं बघितलं होतं. लग्नानंतर अनुजा चादरीखाली मोबाइलच्या उजेडात वाचायची. नवरा बोलायचा काही नाही. कूस बदलायचा, सुस्कारा टाकायचा, पुन्हा कूस बदलायचा. आता अनुजा वाचत नाही. विचारलं की म्हणते, “सवय गेली गं.” जेवण गेलं म्हणावं, तसं म्हणते.

आज सकाळी बाळासोंनी पोरीपुढं हात जोडले होते. “ह्यालाबी न्हाय म्हणालीस, तर ह्यापुढं मी कुणाला बोलवायचो न्हाय.” त्यांची बहीण तानाबाई देवापुढं बसली होती. तिनं भाचीसाठी सोळा सोमवार केले होते. उद्यापन होऊनही सोमवार सोडले नव्हते. देवाला आठवण राहावी म्हणून.

“ह्या सगळ्यांतली तुम्ही वाचलीत किती?” क्रांतीनं विचारलं.

विश्वजितनं फोन खिशात घातला. इकडंतिकडं बघितलं. मघापासूनची कडक इस्त्रीची भाषा एकदम चुरगळली.

“खरं सांगू? एकबी न्हाय. ऑफिसात सगळी सांगत असत्यात, ते ऐकलेलं. आपल्याला कुठलं जमतंय? पाठ टेकली की संपलंच. गणपतीत दारात बँजो वाजत हुता, मला पत्त्याच न्हाय. ट्यूब लावा, टीव्ही लावा. आई म्हणती, ह्याला उचलून पंचगंगेत टाकला तरी जागा व्हायचा न्हाय.”

स्वतःच्या विनोदावर तो मनापासून हसला. क्रांती हसली नाही. तिनं पहिल्यांदाच त्याला पायापासून केसापर्यंत नीट बघितलं. बाजारात वस्तू उलटी करून बघतात, तसं.

“बरं,” ती म्हणाली आणि जिना उतरली. प्रश्न तिनं विचारलाच नाही.

पाहुणे गेले. बाळासो त्यांना सोडायला कोपऱ्यापर्यंत गेले. स्वयंपाकघरात तानाबाई कप विसळत होती. तिनं मागं वळूनही बघितलं नाही.

“ह्योबी न्हाय, व्हय?”

“बाबांना सांग आत्या. मला पसंत आहे.”

तानाबाईच्या हातातला कप पाण्यातच राहिला. ओले हात तिनं तसेच कपाळाला लावले. देवळाच्या दिशेनं तोंड करून तीनदा पुटपुटली, “पावलास रं बाबा.” मग पदराला हात पुसत जवळ आली. “पुस्तकावर जुळलं म्हण की! जिन्यातनं पुस्तकांचं कायबाय कानावर आलं, तवाच म्हणलं, पोरगं वाचणारं दिसतंय. काय काय सांगितलं त्यानं तुला वाचायला?”

“त्यातलं एकही मी वाचायची नाही.”

“आं? मग गं?”

“पाठ टेकली की मेल्यागत झोपतोय तो, आत्या,” क्रांती म्हणाली. “अख्खी रात माझीच की.”