चिखलाचा डबा

टायरच्या दुकानात वृषालीने पिशवीतून लेकीचा बालवाडीचा डबा काढला. दुकानदार हसला, "वहिनी, आमच्यासाठी खाऊ आणलात?"

डब्यात घराखालच्या चढणीचा लाल चिखल होता. मागच्या पावसाळ्यात पिकअप त्याच चढणीवरून घसरत नाल्याच्या काठापर्यंत गेली, तेव्हा ओवी वृषालीच्या मांडीवर होती. त्या दिवसापासून तिचा नवरा संतोष पायथ्याशी गाडी थांबवायचा आणि ती लेकीला कडेवर घेऊन पायी चढायची.

संतोषला बारीक नक्षीचे, हायवेला आवाज न करणारे टायर हवे होते. "अगं, लोकं बघतायत. ठेव तो डबा आत."

"बघू देत की." तिने त्या टायरच्या आणि शेजारच्या रांगड्या टायरच्या खाचांत चिखल दाबून भरला. "दादा, आता दोन्ही जोरात आपटा."

दुकानदाराने आपटले. बारीक खाचांतला चिखल जागचा हलला नाही. रांगड्या टायरच्या रुंद खाचांतून मात्र तो गोळे होऊन फरशीवर पडला. "खाचा चिखलाने भरलेल्या राहिल्या की टायर घसरणारच," वृषाली म्हणाली.

संतोषने मान डोलावली. "हेच बसवा. चारही."

संध्याकाळी पायथ्याशी त्याने सवयीने ब्रेक दाबला. "उतरताय ना दोघी?"

"नाही." वृषालीने ओवीला घट्ट धरलं. "चला."

पिकअप चिखल उडवत, एकदाही न घसरता थेट अंगणात येऊन थांबली. "आई, परत!" ओवी ओरडली.

वृषाली खळखळून हसली. "अहो, ऐकलंत ना? घ्या गाडी खाली!"