आवाजाचं बिऱ्हाड

पडद्यावर चौकट चमकली आणि गेली.

"परत," असं स्वतःशीच म्हणत सुनेने पुन्हा दोनदा क्लिक केलं. चौकट पुन्हा चमकली, पुन्हा गेली.

शेजारच्या खुर्चीत सासरे मांडीवर पाटी घेऊन बसले होते. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला, त्याला वर्ष होत आलं होतं. त्याआधी ते भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. त्यांची पुकार दोन गल्ल्या ओलांडून जायची, म्हणून बाजाराने त्यांचं नाव 'भोंगा' ठेवलं आणि त्यांनीही ते हौसेने मिरवलं. ऑपरेशन ठरलं तेव्हा सुनेने त्यांना माइकपुढे बसवून खूप काही वाचून घेतलं होतं. त्या रेकॉर्डिंगवरून तिने एक प्रोग्रॅम बनवला. टाइप करा, भोंगा बोलेल. तिच्या घरी, तिच्या लॅपटॉपवर तो छान बोलायचा. इथे, सासऱ्यांच्या विंडोजवाल्या कॉम्प्युटरवर, तोंड उघडायला तयार नव्हता.

संध्याकाळच्या बसने ती परत जाणार होती. ती गेल्यावर या घरात हे कोडं सोडवणारं कुणी नव्हतं.

"बाबा, माझ्या लॅपटॉपवर ऐकवू का तोवर?"

सासऱ्यांनी पाटीवर लिहिलं, "उसन्या तोंडाने बोलत नाही."

सासूबाई हात पुसत दारात आल्या. "अगं, सकाळपासून बसली आहेस, ऊठ आता. राहू दे ते. यांच्या भुवया बघून मला सगळं कळतं."

सासऱ्यांनी भुवया उंचावल्या.

"बघ, आता म्हणाले, तू मध्ये पडू नकोस."

सासऱ्यांनी पाटी फिरवून दाखवली. "भूक लागली म्हणालो."

जेवणं झाली आणि सून पुन्हा बसली. अँटिव्हायरसने काही गिळलंय का, ते तिने पाहिलं. बिचाऱ्याने काही गिळलं नव्हतं. प्रोग्रॅमला लागणाऱ्या दोन फायली मात्र या कॉम्प्युटरवर नव्हत्याच. तिने त्या टाकल्या. आता चौकट अंमळ जास्त टिकली, मग गेली.

"सुधारणा आहे," ती म्हणाली.

"डॉक्टरही हेच म्हणायचा," पाटी म्हणाली.

तिला हसू आवरेना. मग तिने क्लिक करणं सोडलं आणि काळी खिडकी उघडून, नुसता हुकूम टाइप करून, प्रोग्रॅम तिथून सुरू केला. तिथे प्रोग्रॅम कोसळला तरी जाता जाता काय बोलला ते पडद्यावर राहतं. तो कोसळलाच. पण या वेळी मागे एक ओळ राहिली: आवाजाची फाइल सापडली नाही. पुढे ती कुठे शोधली, तो पत्ता होता. सुनेने पत्त्यावर बोट फिरवलं आणि मध्येच थांबली.

"बाबा, इथे तुमचं नाव हवं होतं. नुसती प्रश्नचिन्हं आहेत."

सासरे चष्मा सरसावून पुढे वाकले.

कॉम्प्युटर नवा आला तेव्हा नावाच्या रकान्यात त्यांनी मराठीत 'भोंगा' लिहिलं होतं. विंडोजची काही तक्रार नव्हती, त्याने त्याच नावाचं फोल्डर करून दिलं. आवाजाची फाइल त्यात जाऊन बसली. पण ती उघडण्याचं काम सुनेने ज्या जुन्या कोडवर सोपवलं होतं, त्याला इंग्रजीपलीकडे अक्षरओळख नव्हती. मराठी नाव दिसलं की त्याला फक्त प्रश्न पडत. तिच्या लॅपटॉपवर तिचं नाव इंग्रजीत होतं, त्यामुळे तिथे हे कधी उघडकीला आलंच नाही.

"इंग्रजी अक्षरांत नवीन खातं उघडू या? लगेच होईल."

सासऱ्यांनी पाटी खसाखसा पुसली. "नाव बदलणार नाही." खाली रेघ ओढली. खडूचा तुकडा पडला.

सुनेने तो तुकडा उचलून त्यांच्या हातात दिला. "बरं. नाव तुमचं तुमच्यापाशी. मग आवाजाचंच बिऱ्हाड हलवते. या फोल्डरमधून काढून बाहेर ठेवते."

सासरे गालात हसले. दिवसभरात पहिल्यांदा. "तो घरात मावला कधी होता?"

तिने लॅपटॉपवर पत्ता बदलला, प्रोग्रॅम नव्याने बांधला, पेनड्राइव्हवरून इकडे आणला. आवाजाची फाइल बाहेर काढून नव्या जागी ठेवली. क्लिक केलं.

चौकट आली. आणि राहिली.

दोघंही तिच्याकडे बघत बसले. मग सुनेने कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला आणि स्पीकर पूर्ण मोठा केला. सासरे एका बोटाने अक्षरं हुडकू लागले. एकदा चुकले, खोडलं, पुन्हा लिहिलं. स्वयंपाकघरात नळाखाली भांडी वाजत होती. शेवटचं बटण दाबायच्या आधी त्यांनी सुनेकडे पाहिलं. तिने मान हलवली.

"अगं, ऐकलंस का?"

तोच खर्ज, 'गं'वर तोच हेल. भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा हललं असेल.

"आले, आले!" आतून सासूबाई खेकसल्या. "जरा दम धरवत नाही माणसाला! हात खरकटे आहेत माझे."

भांड्यांचा आवाज थांबला. मग नळही बंद झाला.

त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. कोपरापर्यंत साबणाचा फेस. त्यांनी कॉम्प्युटरकडे पाहिलंच नाही, नवऱ्याकडे पाहिलं.

"परत म्हणा बघू."

सासऱ्यांनी बटण दाबलं.

"अगं, ऐकलंस का?"

"ऐकलं," त्या म्हणाल्या.