सासूबाईंचा वॉकर

घरी सराव करताना आधाराला काहीतरी पक्कं धरा, असं पंडरी भागातल्या बॅलेच्या क्लासमध्ये सांगितलंय. मी सासूबाईंचा वॉकर धरते. पंचेचाळिशीतलं अंग, टाचा उचलल्या की पिंडऱ्यांत गोळे येतात, कंबर ठणकते. पलंगावरून सासूबाई म्हणाल्या, “वॉकर दे वो, मले बाथरूमले जायचं हाय.” “आठदा टाचा उचलून झाल्या की देते. तुम्हीच मोजा.” त्या भराभर मोजू लागल्या. मी नवी नवरी असताना एक पोळी फाटली, तर हीच बाई सगळी कणीक पुन्हा मळायला लावायची. अंगात ताप असला तरी. “पयल्यापासून कर,” एवढंच म्हणायची. “तीन, चार, सहा, सात, आठ! झालं, दे!” माझ्या पिंडऱ्यांत गोळे आले होते. मलाही बसायचं होतं. वॉकर घट्ट धरून मी पुन्हा टाचा उचलल्या. “पाच राहिला, आई. पयल्यापासून मोजा.”