अंगणातला लाल दिवा

नगराध्यक्षांच्या अंगणातला दिवा लाल झाला, तेव्हा ते आरशापुढे मिशीला कलप लावत होते. अर्धी मिशी काळी, अर्धी पांढरी, तसेच बाहेर धावले.

दिवा होता हवा मोजायच्या यंत्राचा. आधी ते यंत्र भट्टीच्या गल्लीत असायचं. तिथला धूर काय सांगू. पांढरी मांजर गल्लीत शिरली की दुसऱ्या टोकाला काळी होऊन निघायची. पोरं धुरावर बोटानं नावं लिहायची आणि ती संध्याकाळपर्यंत पुसली जायची नाहीत.

नियम असा, की दिवा लाल झाला की भट्टी बंद. पण भट्टीवाला दोन्ही पक्षांचा लाडका. त्यामुळे जो पक्ष सत्तेवर येई, तो आधी यंत्राचं बिऱ्हाड हलवी. गेल्या खेपेला दुसऱ्या पक्षानं ते बागेत कारंज्याशेजारी नेलं. यंदा नगराध्यक्षांनी थेट स्वतःच्या अंगणात आणलं, गर्द झाडाखाली. दिवा कसा हिरवागार. भट्टी धडाडून सुरू. आणि त्याच गल्लीत राहणाऱ्या त्यांच्या सख्ख्या बहिणीचं तान्हं बाळ खोकून खोकून बेजार.

आज मात्र दिवा लालभडक. यंत्राखाली त्यांची आई शेगडी मांडून बसली होती. शेगडीत ओला पाला. ती मन लावून पंख्यानं वारा घालत होती.

"आई, अगं हे काय चालवलंयस?"

"यंत्राला इथे करमत नव्हतं रे," आई डोळे पुसत म्हणाली. "म्हटलं, ओळखीचा धूर दाखवावा. भट्टीच्या धुराड्याला गाळणी बसेपर्यंत रोज दाखवणार."

नगराध्यक्षांनी पुष्कळ विनवण्या केल्या. आई ढिम्म. दुपारी भट्टी बंद करावी लागली. दोन दिवस भट्टीवाला रुसून बसला, तिसऱ्या दिवशी आपणच गाळणीचं माप घ्यायला धुराड्यावर चढला. आठवड्यात बाळ शांत झोपायला लागलं. गल्लीतली मांजरं पुन्हा आपापल्या रंगाची दिसू लागली.

विरोधी पक्षाचे पुढारी एकटेच, खास नगराध्यक्षांची फजिती बघायला अंगणात आले. अर्ध्या मिशीची गोष्ट ऐकून पोट धरधरून हसले.

आईनं शेगडीतली राख झटकली.

"फार दात काढू नकोस, धाकट्या. तूही माझ्याच पोटचा. उद्या तू निवडून आलास की यंत्र तुझ्या दारात नेशील, हे कळतंय मला. एक पोतं पाला तुझ्याच माळ्यावर ठेवून आलेय."